पाठीवरच्या दोऱ्या

अंजू राठोडनं शिवलेलं ब्लाउज घालायचं तर घरात दुसरं माणूस लागतं. पुढून हूक असले तरी ते नावालाच. खरं ब्लाउज बसतं ते पाठीवरच्या दोन दोऱ्यांनी, आणि त्या कोणीतरी मागं उभं राहून आवळायच्या. पहिल्यांदा मी तक्रार घेऊन गेले तेव्हा मशीनवरची मान न उचलता ती म्हणाली, "काहून, घरात कोनी नाई काय बांधून द्याले?" मी म्हटलं, आहेत ना, पण ते पेपर वाचून राह्यले. त्यावर ती इतकी हसली की सुई मधेच थांबली. आमची ओळख तिथून.

उमरखेडहून ढाणकीच्या रस्त्याला निघालं की डाव्या हाताला धावजीनगर तांडा आहे. धावजी म्हणजे अंजूच्या नवऱ्याचे, राजकुमारचे, पणजोबा. बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख फिरणारी ही माणसं त्यांच्या काळात इथं टेकली आणि शेतीला लागली. आता पोरं पँट-शर्टात असतात, सुना साडीत. अंजूची सासू जमनी मात्र अजून रोज फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, आणि काचळी घालते. काचळी म्हणजे आरसे-कवड्यांनी मढवलेली चोळी. तिची पाठ उघडी असते आणि मागं दोऱ्या. सकाळी सासू अंगणात पाठमोरी उभी राहते आणि अंजू तिच्या दोऱ्या बांधते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या दिवसाची सुरुवात अशीच होते. कापड आवळायचं म्हणजे मागूनच, हे तिच्या हाताला कोणी वेगळं शिकवलेलं नाही.

या तांड्याचं वर्ष दसऱ्याला दुभंगतं. दसऱ्यापर्यंत घरं उघडी, नंतर दारोदार कुलपं. ऊसतोडीचे ट्रक येतात आणि माणसं, लेकरं, भांडी, कोंबड्या, सगळं पश्चिमेकडं निघून जातं. अंजूची सातवी अशीच फडात हरवली. पुढची शाळा तिनं नंतर बाहेरून केली, शिवणाचा कोर्स केला, राजकुमारला मालाची ऑटो घ्यायला लावली आणि तोडीला जाणं थांबवलं. एवढ्यावर ती थांबली असती तर मी हे लिहायला बसले नसते. समाजमंदिराच्या बाजूच्या शेडमध्ये तिनं मशिनी मांडल्या आणि तांड्यातल्या बायकांना बसवलं. पण गणवेश आणि दप्तरांचं काम पावसाळ्याच्या तोंडाशी संपायचं. मग मशिनीवर चादर टाकायची आणि बायांनी ट्रकमध्ये चढायचं. दर वर्षी हेच. एकदा माझ्या ओट्यावर चहा घेताना ती म्हणाली होती, "इंदुताई, एक हिवाळा. माह्या शेडातल्या एकाही बाईच्या दाराले कुलूप नोको."

माझा भाचा ऋतिक यात आला तो असा. नेरचे पुंडलिकराव माझे थोरले भाऊ. पोरानं कापूस-तूर बघावी अशी त्यांची इच्छा. पोरगा पुण्यात इंजिनिअर झाला आणि मित्राबरोबर पाण्यातल्या खेळांचं सामान बनवू लागला. छोट्या होड्या, वल्ही, लाइफ जॅकेट. दादा पारावर सांगतात, पोरगा होड्या बनवते. लोक विचारतात, पाणी कुठं आहे? दादा म्हणतात, ते पुढच्या वर्षी येणार आहे.

मी सांगितलं म्हणून ऋतिकनं जॅकेटांच्या खोळींचं थोडं काम अंजूला देऊन पाहिलं. आतला फोम आणि तपासणी पुण्यात, बाहेरची शिवण तांड्यात. शिवण त्याला आवडली. मग या वर्षी पावसाळा सरता सरता त्याचा फोन आला. अंदमानातल्या एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये या धंद्यातल्या लोकांचा मेळावा होता. बोटवाले, हॉटेलवाले, दुकानदार सगळे सीझनआधी तिथं येऊन माल ठरवतात. त्याला एक टेबल मिळालं होतं. तिथं मागणी मिळाली तर तांड्याला हिवाळाभर काम. अंजूताईंनी यावं, म्हणजे कोणाला माप बदलून हवं असलं तर जागेवरच दाखवता येईल.

जमनीची अट एकच होती. "येकली पानीत जाऊन राह्यली काय? इंदुबाईले संगं ने." शिवाय खऱ्या समुद्रातल्या मूठभर कवड्या आणायच्या, काचळीवरच्या दोन गळल्या होत्या. आमच्या घरच्यांनी, मी खिचडी करून खाईन, असं सांगून मला मोकळं केलं.

ऊसतोडीचा मुकादम किसनसिंग हा राजकुमारचाच चुलत भाऊ. माणूस वाईट नाही. टोळी भरली नाही तर त्यालाही वरचे लोक धरतात. निघायच्या आधी तो शेडमध्ये येऊन उभा राहिला. "वहिनी, तुमचं जमलं तर मले बरंच वाटंन. पन दसऱ्यापर्यंत सांगजा. मंग मले मानसं पाह्य लागतात."

नमुन्याचं पहिलं जॅकेट अंजूनं ऋतिकच्या चित्राबरहुकूम शिवलं आणि शेडमधल्या खिळ्याला टांगलं. बाकीची बायांनी त्यावरून शिवायची होती. तेवढ्यात अंजूच्या मुलीच्या, दीपाच्या, वसतिगृहाचं काम निघालं आणि तिला यवतमाळला जावं लागलं. ती परत येईपर्यंत राजकुमारनं सगळी खोकी बांधून ट्रान्सपोर्टला टाकली होती. खोळी पुण्याला गेल्या, तिथल्या कामगारांनी फोम भरला आणि खोकी तशीच पुढं बेटाकडं निघाली. ऋतिक तेव्हा मेळाव्याच्या धावपळीत होता.

आम्ही बसनं नांदेड, रेल्वेनं हैदराबाद आणि तिथून विमान. दोघींचंही पहिलंच. हवाई सुंदरी लाइफ जॅकेट गळ्यात घालून दाखवायला लागली तेव्हा सगळे मोबाइल बघत होते. अंजू मात्र पुढं झुकून असं बघत होती की त्या मुलीनं शेवटी तिच्याकडंच बघून सगळं सांगितलं. नंतर माझ्या कानाशी लागून म्हणाली, "शिवलेलं नाई ते. चिकटवलेलं हाय."

बेटाच्या धक्क्यावरून रिसॉर्टला न्यायला छोटी बोट होती. आमच्यासोबत एक बंगाली कुटुंब होतं, सासू आणि नवी सून दोघी साडीत. पन्नाशीचा एक बोटवाला सगळ्यांना जॅकेटं वाटत गेला. पुरुषांचे पट्टे त्यानं स्वतः ओढले. बायकांपाशी आला की समुद्राकडं बघत म्हणायचा, "बेल्ट टाइट कर लीजिए, दीदी." दीदी काही करत नव्हत्या. सुनेचं जॅकेट इतकं ढिलं होतं की त्यात अजून एक सून मावली असती. आमचीही तीच गत. अंजू बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती. पैनगंगेच्या काठची असली तरी गुडघ्याच्या वर पाण्यात ती कधी गेलेली नाही.

मेळावा दुसऱ्या दिवशी एका बिनभिंतींच्या मोठ्या मांडवात होता. बाजूला नारळी, पुढं हिरवंनिळं उथळ पाणी, आणि मांडवात पिवळ्या-केशरी होड्या बाजारातल्या भोपळ्यांसारख्या रचलेल्या. धंद्यातली मोठी मोठी माणसं अर्ध्या चड्डीत फिरत होती. ऋतिकही. पुंडलिकदादांनी पाहिलं असतं तर नेरला परत बोलावून घेतलं असतं. त्यानं वाकून आमच्या पाया पडून घेतलं आणि खोकी उघडली.

पहिलं जॅकेट बरोबर होतं. ते अंजूचं. दुसरं काढलं आणि ऋतिक थांबला. तिसरं काढलं, चौथं काढलं. कमरेच्या दोन बाजूंना आवळायचे पट्टे हवे होते, ते कुठंच नव्हते. त्याऐवजी पाठीवर वर आणि खाली दोरीच्या दोन-दोन जोड्या. काचळीला असतात तशा. दोरीच्या टोकांना बायांनी हौसेनं लाल लोकरीचे गोंडेही लावले होते.

अंजूनं तिथूनच तांड्यात फोन लावला. शेडमधल्या बायांनी साधं उत्तर दिलं. खिळ्यावरचं जॅकेट त्यांनी घालून बघितलं, तर ते मागून ढिलं राहत होतं, पाठीला धरत नव्हतं. तुझ्याकडून दोऱ्या राहून गेल्या असं आम्हाला वाटलं, म्हणून बाजूचे पट्टे गाळून आम्ही त्या लावल्या. सुनेचं काम चुकू नये म्हणून जमनीनं स्वतः खडूनं खुणा करून दिल्या होत्या.

ऋतिक चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "अंजूताई, आपण ते एकच मांडू. बाकीची राहू द्या खोक्यात."

एका जॅकेटाचं टेबल कसं दिसतं ते मी पाहिलंय. लग्नात आहेर आटोपल्यावर उरलेल्या रिकाम्या ताटासारखं. लोक येत, एक नजर टाकत, पुढं जात. गोव्याचा एक गोरटेला दुकानदार वाकला आणि त्यानं खोक्यातून लोंबणारा गोंडा ओढून अख्खं जॅकेट बाहेर काढलं. पाठ बघून शेजाऱ्याला दाखवलं. "हे बांधायला सोबत सासूपण देणार काय?" आजूबाजूचे हसले. हसण्यासारखं होतंच.  अंजू पिशवीतून कातरी काढून टेबलामागं जमिनीवर बसली आणि एकेका जॅकेटाच्या दोऱ्या उसवायला लागली. माप बदलायला आणलेल्या सामानातले पट्टे उद्यापर्यंत बाजूंना लावता आले तर निदान टेबल भरलं असतं. मी दोरे वेचत बसले. वेचता वेचता एकदाच तिच्याकडं बघितलं. ती रडत नव्हती, पण ओठ आत घेतले होते.

जेवणानंतर कालचा बोटवाला मांडवात आला. लखीराम त्याचं नाव. त्याचे आजोबा रांचीकडून या बेटांवर जंगलकामाला आले, ते इथलेच झाले. या आणि शेजारच्या बेटांवर बोटी चालवणाऱ्या मालकीणबाईंचा तो सगळ्यात जुना माणूस. बाई पलीकडं होड्या बघत होत्या, हा उगाच फिरत आला आणि अंजूसमोर उकिडवा बसला.

"इसको खोल क्यों रही हो, दीदी?"

अंजूनं सांगितलं, चुकून लागलंय. माणसाला स्वतःला बांधता येत नाही.

लखीराम थोडा वेळ गोंड्याशी खेळत राहिला. मग त्यानं जे सांगितलं ते आम्ही कालच बोटीत डोळ्यांनी पाहिलं होतं, फक्त आम्हाला ते दिसलं नव्हतं. स्वतःचं स्वतः कोण बांधतं, असं त्याचं म्हणणं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच सगळ्यांना बांधतो. पुरुषांचं ठीक. पण परक्या बाईच्या समोर उभं राहून, कमरेशी हात घालून पट्टा ओढणं त्याला जमत नाही, बाईलाही चालत नाही. नवरे व्हिडिओ काढत असतात. मग ढिल्या जॅकेटानंच बोट सुटते. एकदा एक बाई पाण्यात पडली तर जॅकेट वर सरकून कानांपाशी आलं आणि ती खाली. काढली तिला, वाचली, पण तिचं ओरडणं अजून त्याच्या कानात आहे. "पीछे से हो तो मैं पीछे खड़ा हो जाऊँगा. मुँह दूसरी तरफ़. एक बार खींच दिया, बस."

अंजूची कातरी थांबली. तिनं ऋतिककडं पाहिलं. ऋतिक जवळ येऊन बसला, पण लगेच मान हलवली. त्याची अडचण खरी होती. दोरीची गाठ ओली झाली की एक तर सुटत नाही, नाही तर आपोआप सुटते. तपासणीत गाठ चालायचीच नाही. तिघं डोकी जुळवून बसले. अंजूनं विचारलं, बाजूला लावायला आणलेल्या पट्ट्या आणि सरकते खटके आहेत ना, तेच मागं लावले तर? ऋतिक म्हणाला, लावता येतील, पण पाठीचा फोम दुभागावा लागेल. फोम तो कापून देईल. लखीराम म्हणाला, पट्टीचं टोक हातात येईल एवढं लांब ठेवा, माझी बोटं ओली असतात. तिथंच जमिनीवर बसून, दाभण आणि जाड दोऱ्यानं, ऊन उतरायच्या आत एक जॅकेट तयार झालं. गोंडे तेवढे अंजूनं ठेवले. पट्टीच्या टोकाला. ओल्या बोटांना धरायला बरे म्हणून.

ते पाण्यात बघायला कोणीतरी साडीतलं माणूस हवं होतं. मांडवात साडीत आम्ही दोघीच. माझे गुडघे सगळ्यांना माहीत आहेत. अंजू उठली.

"मले पोहता येत नाई," तिनं लखीरामला मराठीतच सांगितलं, आणि त्याला कळलं.

पुढचे खटके तिनं स्वतः लावले. मग जमनी रोज सकाळी उभी राहते तशी ती पाठमोरी उभी राहिली. लखीरामनं नारळीकडं तोंड करून दोन्ही पट्ट्या एकदम ओढल्या. ती उथळ पाण्यात चालत गेली, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. तिथं थांबली.  एव्हाना होड्यांपाशी उभे असलेले लोक वळून बघायला लागले होते. ती कमरेपर्यंत गेली, मग छातीपर्यंत, आणि तिनं पाय उचलले. साडी भोवती फुगली, लाल गोंडे पाण्यावर तरंगले, आणि जॅकेट जागचं हललं नाही. हनुवटी पाण्याच्या वर. तिनं डोळे घट्ट मिटले होते. ते उघडून तिनं आमच्याकडं बघितलं तेव्हा तिचा चेहरा मी पहिल्यांदाच इतका लहान पाहिला.

मालकीणबाई काठावर येऊन उभ्या होत्या. त्यांनी बरंच विचारलं. दर, वजन, वाळायला किती वेळ, पुन्हा तपासणी कधी. कबूल काही केलं नाही. तपासणीत उतरलं तर आपल्या सगळ्या बोटींसाठी, फक्त बायकांच्या मापाची, आधी थोडी घेऊन बघू, असं म्हणाल्या. गोव्याचा दुकानदारही घुटमळत होता. त्याच्या गिऱ्हाइकांच्या बोटींतही साडीवाल्या बायका येतातच की. त्यानं ऋतिकला कार्ड दिलं तेव्हा ओल्या साडीनं कुडकुडणारी अंजू गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "सासू नाई भेटत याच्यासंगं. एकच हाय माह्यापाशी, तिले लागते घरी." तो खदाखदा हसला, आणि या वेळी अंजूही.

निघायच्या सकाळी कवड्यांसाठी ती ओहोटीच्या वाळूवर गेली. लखीरामनं एका दगडाखालची कवडी दाखवली. ठिपक्यांची, चकचकीत, आणि तिच्या फटीतून मऊ काहीतरी बाहेर येऊन हळूहळू चालत होतं. अंजू बराच वेळ बघत राहिली. इथून काही न्यायला बंदी आहे हे लखीराम सांगत होता, पण त्याआधीच तिनं दगड होता तसा ठेवला होता.

परत आल्यावरचे दिवस जड गेले. पहिल्या तपासणीत ओझं लावल्यावर पाठीची पट्टी घसरली. अंजूनं तिथं दुहेरी शिवण घातली आणि नमुना पुन्हा पाठवला. दसरा आला, गेला. तांड्यानं एकमेकांना सोनं दिलं, आणि देताना प्रत्येक बाई अंजूच्या तोंडाकडं बघत होती. किसनसिंगनं आणखी थोडी कळ काढली, मग सांगून टाकलं की सोमवारी ट्रक येईल. शेडमधल्या पूनमसिंगच्या बायकोला थांबवेना. तिनं नवऱ्यासोबत होकार दिला. अंजूनं तिला अडवलं नाही, फक्त तिच्या मशिनीवर चादर टाकताना तिला वेळ लागला.

शनिवारी दुपारी मी तिथंच होते तेव्हा ऋतिकचा फोन आला. जॅकेट उतरलं होतं. बेटांची मागणी अपेक्षेपेक्षा कमी, गोव्याची नवी. सगळं धरून काम संक्रांतीपर्यंत पुरेल, पुढचं माल कसा जातो त्यावर. अंजूनं बायांना फुगवून काही सांगितलं नाही, जेवढं होतं तेवढंच सांगितलं. संक्रांतीनंतर काय, असं एकीनं विचारलं. अंजू म्हणाली, माहीत नाही. बाया आपसांत त्यांच्या बोलीत बोलल्या. मग एकेक जण उठून आपापल्या मशिनीवर जाऊन बसली. तेच उत्तर होतं. त्यातल्या एकीनं जाता जाता झाकलेल्या त्या मशिनीवरची चादरही ओढून काढली आणि पूनमसिंगच्या दारी निरोप गेला. पण त्यानं शब्द दिला होता, तो मोडायला तयार झाला नाही. बायकोला मात्र म्हणाला, तू ऱ्हाय लेकरांजवळ, मी जातो.

सोमवारी ट्रक आला तेव्हा शेड चालू होतं. जमनी दारात बसून पट्ट्यांना गोंडे लावत होती. कवड्या का आणल्या नाहीत हे अंजूनं तिला सांगितलं होतं, "याडी, त्याच्यात जीव ऱ्हायते." तेव्हापासून काचळीवरच्या कवड्यांवरून हात फिरवायची तिला सवयच लागली होती.

किसनसिंग ट्रक उभा करून आत आला. शेडमधली कोणी अजून टोळीत येते का ते बघायला तो आला असेल असं मला वाटलं. त्यानं शिवून झालेली एक खोळ उचलली, अजून फोम नसलेली, आणि अंगावर चढवली. माप बायकांचं, त्याचं पोट मावेना. बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. पुढचे खटके त्यानं ओढूनताणून लावले. मग हात मागं नेऊन चाचपडला, पट्टी काही त्याच्या हाती लागेना.

"काय वो काकी," तो जमनीला म्हणाला, "हे कोन बांधून देईन?"

"इकडं फीर," जमनी म्हणाली.

मुकादम पाठ करून उभा राहिला. जमनीनं हातातला गोंडा खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत असताना सावकाश, नीट आवळून, त्याच्या दोन्ही पट्ट्या ओढून दिल्या.